सकाळी पिशवी रिकामी हवी

मंगळवार, ८ ऑक्टोबर

मास्तरीण आज खुराड्यातून बाहेर आली नाही. दार उघडलं तरी कोपऱ्यात मान आखडून बसून राहिली. एरवी दार उघडायच्या आधीच धक्के मारते, आणि मग मान तिरकी करून सगळ्या परसाची तपासणी करत फिरते – म्हणून तर बाबांनी तिचं नाव मास्तरीण ठेवलं. उचलली तर गळ्याखाली एक फुगा. पाणी भरल्यासारखा, बोटाखाली हलणारा. चोचीला आंबूस वास.

कोंबडीच्या तोंडाला वास येतो हे माहीत नव्हतं.

"काल तर बरी होती," बाबा म्हणाले. मग जरा वेळाने, "वय झालं असेल."

पिल्लू असताना भिंतीवरून आमच्याकडे पडली त्याला तीन वर्षंही झाली नाहीत.

बुधवार, ९ ऑक्टोबर

चष्म्याच्या दुकानातून दुपारी दोन तास सुट्टी मागितली. मालक म्हणाले, "कोंबडीसाठी? शाळेची डोळेतपासणी चालू असताना?" पोरांची रांग दारापर्यंत होती. तरी सोडलं. वर म्हणाले, नंबर लागला तर सांगा, चष्मा आपण करून देऊ.

जनावरांच्या दवाखान्यात शेजारी एक कुत्रेवाला. त्याने टोपलीत डोकावून पाहिलं. "आमच्याकडे हिला कढईत नेतात." मी हसले नाही. मग तोच जरा ओशाळला आणि कुत्र्याला बाजूला ओढून मला पुढचा नंबर दिला.

डॉक्टरीण मोठ्या आवाजाची, हात मात्र हलका. खाल्लेलं आधी गळ्याखालच्या पिशवीत साठतं, मग हळूहळू खाली उतरतं. हिच्यात उतरत नाहीये. आत राहून आंबलंय. माझी बोटं धरून तिने पिशवीवर ठेवली. "अशी चोळायची. वरून खाली. घाई नाही. आणि उलटी धरायची नाही, श्वासात गेलं की संपली." औषधाची बाटली. उद्यापर्यंत नुसतं पाणी, नंतर चमचा चमचा ओलं खाद्य. दुसरं काही नाही.

"सकाळी पिशवी रिकामी हवी. नसेल तर चिरावं लागेल. चिरलेल्या सगळ्याच वाचत नाहीत, आधीच सांगते."

घरी येऊन मांडीवर घेऊन चोळत बसले. बाबा खुर्चीतून बघत होते. सगळा वेळ. "हात अजून हलका," म्हणाले.

गुरुवार, १० ऑक्टोबर

सकाळी पिशवी लहान, मऊ. संध्याकाळी आले तर पुन्हा तट्ट. मी पाण्याखेरीज काही ठेवलं नव्हतं.

बाबांचा चष्मा नाकावरून घसरतोय. स्क्रू आवळले, काड्या गरम करून कानामागे वाकवल्या. दुसऱ्यांचे दिवसभर करते, घरचा राहून जातो.

शुक्रवार, ११ ऑक्टोबर

वरच्या मजल्यावरच्या काकू खिडकीतून सालं टाकतात. नेहमीचंच आहे. आज जिना चढून सांगून आले.

काकू दारातच उभ्या राहिल्या, आत या म्हणाल्या नाहीत. "मी? अगं, ती आजारी पडल्यापासून मी खिडकीसुद्धा उघडलेली नाही. वास येईल म्हणून नाही, तू माझ्यावर आळ घेशील म्हणून."

"मग तिच्या पिशवीत काय आहे?"

"ते तिला विचार."

दार लावलं. माझा आवाज चढला होता का? चढला असेल.

रविवार, १३ ऑक्टोबर

रविवारीही दुकान उघडं. या महिन्यात सुट्टी नाही. सकाळी चहा बाबांबरोबर, बाकी त्यांचं ते. दुपारचा डबा झाकून ठेवून जाते – पाव, भाजी, उकडलेलं अंडं. मी परतते तेव्हा त्यांचं रात्रीचं झालेलं असतं. हल्ली सूपच मागतात. कवळी टोचते म्हणतात. दाताच्या डॉक्टरकडे नेलं पाहिजे. गर्दी ओसरली की.

आज दादाचा फोन. त्याला सगळं ऐकायचं असतं आणि कशालाच वेळ नसतो.

"कोंबडीला दवाखाना! तू पण ना. सूप कर आणि बाबांना पाज."

फोन टेबलावर मोठ्या आवाजात ठेवला होता. बाबांनी ऐकलं.

"आणि हे बघ, बाबांना जरा कुठे खुट्ट झालं की मी गाडी घेऊन येतोय. तू दुकान बघणार की त्यांना? इथे सगळं आहे. लिफ्ट आहे."

"लिफ्ट कशाला?" बाबा म्हणाले. "मला वर जायची घाई नाही."

दादा हसला. मीही. बाबा उठून परसात गेले.

सोमवार, १४ ऑक्टोबर

मास्तरणीला अडगळीच्या खोलीत आणलं. जुन्या गादीवर रद्दी, पाण्याचं भांडं. आता काकूंची खिडकी नाही, गवत नाही, मातीतले किडे नाहीत.

संध्याकाळी पिशवी भरलेली.

मंगळवार, १५ ऑक्टोबर

सकाळी दुकानाआधी दवाखाना. डॉक्टरणीने चोचीतून बारीक नळी घातली. मी पंख धरून ठेवले. मास्तरीण ओरडली नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली, एका डोळ्याने. बाहेर आलं ते पांढरं, चिकट, कणकेसारखं.

"पाव," डॉक्टरीण म्हणाली. "याचाच गोळा बसतो. माया करायची तर लांबून करा म्हणावं. ही शेवटची वेळ. पुन्हा भरली तर मी नळी घालणार नाही, सुरी घेईन."

दिवसभर भिंगं घासत होते आणि डोक्यात पाव. घरात दोनच माणसं.

संध्याकाळी बाबांना विचारलं. नाही म्हणाले नाहीत.

"ती मागते."

मी म्हटलं, ती आजारी आहे, ती कशाला मागेल? तुम्ही तिच्या पुढ्यात ठेवता म्हणून खाते.

"अन्न वाया कसं घालवायचं?"

"मग वाया घालवू नका ना. तुमचं तुम्ही खा. बाबा, तुम्ही मारताय तिला."

हे म्हणायला नको होतं. पण खरं होतं. बाबा हातातला चष्मा पुसत राहिले. काच स्वच्छच होती.

बुधवार, १६ ऑक्टोबर

खोलीला कुलूप. किल्ली पर्समध्ये. दुकानात नाणी काढताना तीच हाताला लागत होती.

गुरुवार, १७ ऑक्टोबर

संध्याकाळी पिशवी काल ठेवली तेवढीच. म्हणजे आज कोणी काही भरवलं नाही.

डबा मात्र रिकामा, धुऊन पालथा घातलेला. रागावलेत, पण जेवलेत.

शनिवार, १९ ऑक्टोबर

सकाळी बोटं गळ्याखाली घातली आणि काहीच लागलं नाही. नुसती कातडी, आत हाडाची कड. दोनदा चाचपलं. रिकामी!

बाबांना हाक मारली. आले, दारात उभे राहून बघितलं. "सुटली बिचारी," म्हणाले. मग मला वेगळाच प्रश्न: "तिला गिळताना दुखत असेल का गं?"

डॉक्टरणीला विचारीन म्हटलं. विचारायचं राहिलं.

मंगळवार, २२ ऑक्टोबर

काकूंना जिन्यात गाठलं. चुकले, म्हटलं. त्यांनी भाजीची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

"चुकलीस ना? मग वर ये आता चहाला. एरवी मी येऊ देणार नव्हते."

चहा घेताना म्हणाल्या, "तुमची कोंबडी आत गेली आणि परसात कबुतरांनी धुमाकूळ घातलाय. दुपारी झोपू देत नाहीत. काय टाकता गं?"

काही नाही म्हटलं.

बाबांचा चष्मा पुन्हा सैल. पुन्हा आवळला. आता काडी वाकायला जागा नाही. फ्रेम थकली असणार, जुनी आहे. दुकानातून एक हलकी, लहान मापाची आणावी.

शुक्रवार, २५ ऑक्टोबर

मास्तरणीला परसात सोडलं. आधी नुसती उभी राहिली. मग पाय झाडले, मान तिरकी केली, आणि सगळी कबुतरं हाकलली. एकेकाच्या मागे जाऊन.

अंडं नाही अजून. डॉक्टरीण फोनवर म्हणाली, लगेच मागू नका तिच्याकडे.

बाबा पायरीवर बसले होते. ती त्यांच्या पायाशी आली आणि चोच वर करून थांबली. त्यांनी दोन्ही हात उघडून तिला दाखवले. काही नाही. शब्द दिल्यासारखे.

मला बरं वाटलं.

शाळेची तपासणी संपली. मालकांनी रविवारी दुकान बंद ठेवायचं ठरवलंय. नवी फ्रेम मिळाली. कोंबडीचा नंबर किती निघाला, त्यांनी विचारलं. म्हटलं, तिला सगळं स्पष्ट दिसतं.

रविवार, २७ ऑक्टोबर

दुपारी घरी. किती दिवसांनी दोन पानं समोरासमोर मांडली. "भूक नाही, तू घे," बाबा म्हणाले. मी बसूनच राहिले. त्यांनी पावाचा तुकडा तोंडात घातला आणि चावत राहिले, चावत राहिले. मान खाली गेली तसा नवा चष्मा ताटात पडला. उचलला नाही. डोळे मिटले होते. हात गळ्यावर होता, बोटं जुळवलेली. वरून खाली. घाई न करता.

कधीपासून, मी विचारलं.

"दादाला कळवू नकोस," म्हणाले.