वरणापुरतं पाणी

निमगाव सावा,
२ मार्च २०२५

ती. गोकुळदादास,
धाकट्या बहिणीचा नमस्कार, वि. वि.

वाडीत रेंज येईल तेव्हा येईल, तोवर जानकूची जीप हेच आपलं पोस्ट. झऱ्याच्या पाण्याचा कॅन त्यानं नारायणगावला माझ्या मेडिकलवर आणून दिला. औषधं आहेत असं सांगून मी तो घरी नेला. सुदर्शन नवरा, पण त्यालाही खरं सांगितलेलं नाही.

इथलं बोअरचं पाणी फार जड. साबणाला फेस नाही, बादलीला पांढरे थर, आणि कुकरच्या कितीही शिट्या झाल्या तरी तुरीची डाळ टणक ती टणकच. केमिस्ट्री शिकूनही मी तोंड उघडलं नाही. सासरच्या पाण्याला नाव ठेवायचं नाही, असं आईनं पाठवणीलाच बजावलंय ना!

काल तुझ्या पाण्यात वरण लोण्यासारखं शिजलं. मामंजी बोटं चाटत म्हणाले, की लग्नाला तीस वर्सं झाली, पन या घरात डाळ आज शिजली. सगळे हसले. सासूबाई तेवढ्या उठून गेल्या. तेव्हापासून मला चैन नाही.

आईबाबांना नमस्कार. राग नसावा, माया असावी.
जया

---

वाडी, ता. आंबेगाव,
९ मार्च

चि. सौ. जयास, अनेक आशीर्वाद.

पाणी डोंगरावरून खाली जातं हे ठाऊक होतं. जीपनं जातं हे तू दाखवलंस! अगं, पाणी जिथं मुरेल तिथलं काही ना काही उचलतंच. आपलं पावसाचं पाणी कातळातून चटकन बाहेर येतं. तुमचं वर्षानुवर्षं जमिनीत खोल पडून चुना विरघळवून घेतं. त्यात तुझा काय दोष, आणि सासूबाईंचा तरी काय?

पण झरा आटत चाललाय. आई वाटीवाटीनं हंडा भरते आणि त्यातून तुझा कॅन. म्हणते, लेकीचं नाव व्हतंय तर व्हऊ दे. मला ते पटत नाही.

प्रकृतीस जप.
गोकुळ

---

निमगाव सावा,
३० मार्च

ती. दादास, नमस्कार.

तू रागावलास ते बरोबरच, पण आता मी पुरती अडकले. जत्रेच्या पंगतीची डाळ सूनबाईच करणार, असं मामंजींनी गावभर सांगितलंय. सासूबाईंना म्हणाले, तू आपली भाकऱ्या बघ. त्या नुसत्या पीठ मळत राहिल्या. आता त्यांच्याकडे बघवत नाही. खरं सांगावं, तर लबाड ठरेन. एवढ्या वेळेला दोन कॅन पाठव. पुन्हा मागणार नाही.

तुझी,
जया

---

वाडी,
६ एप्रिल

चि. जयास, आशीर्वाद.

झरा आटला. जानकूकडे रिकामाच कॅन दिलाय.

बोअरचं पाणी खळखळून उकळ, निवू दे, वरचं अलगद ओतून घे, डाळीत चिमूटभर सोडा टाक. एवढं केलंस की डाळ शिजेल. पण सासूबाईंना सांगितल्याशिवाय तुझ्या जिवाला स्वस्थता नाही, हे मी इथं बसून सांगतो.

कळव, वाट बघतोय.
गोकुळ

---

निमगाव सावा,
१४ एप्रिल

ती. दादास, नमस्कार, वि. वि.

जत्रा पार पडली. सकाळी उकळून निवलेलं पाणी ओतून घेत होते, तेवढ्यात सासूबाई आल्या. तळाचा पांढरा गाळ बोटावर घेऊन त्यांनी विचारलं, ह्ये काय गं? मी कॅनसकट सगळं सांगितलं. वाटलं, आता चिडतील.

त्या बोटावरचा गाळ चोळत राहिल्या. म्हणाल्या, म्हंजी माझा हात वाईट नव्हता. पुन्हा तेच म्हणाल्या. त्या नदीकाठच्या, माहेरी त्यांच्या वरणाचं कौतुक. विहीर आटून इथं बोअरचं पाणी सुरू झालं, तेही त्यांच्या लग्नाच्याच वर्षी. इथं आल्यावर पहिल्याच दिवशी त्यांच्या सासूनं ताट सरकवलं, हिच्या हाताला गुन न्हाई म्हणून. पुढं त्यांच्या हातचं कधी खाल्लं नाही. शेवटच्या दुखण्यात पेजसुद्धा शेजारणीकडून मागवली.

मग डाळ त्यांनीच केली, भाकऱ्या मी थापल्या. पंगतीत मामंजी माझं कौतुक करायला लागले, तेव्हा मी मोठ्यानं सांगितलं, की डाळ सासूबाईंनी केलीय. मामंजींनी पुन्हा वाढून घेतलं.

सासूबाई मात्र जेवल्या नाहीत. सगळे उठल्यावर चुलीपाशी मला म्हणाल्या, समदं खरं गं, पन म्हातारी गेली. आता ह्ये मी कुनाला सांगू?

त्यांना काय सांगावं, दादा? तुला काही सुचलं तर लवकर लिही.

तुझी,
जया