मी दिलेली चार नावं

माय,

तू गेलीस त्याला अकरा वर्षं झाली. एवढ्या वर्षांत तुला एक ओळ लिहिली नाही. तुला वाचता येत नव्हतं. मी नागपूरला शिकायला होते तेव्हा माझी पत्रं दादा तुला वाचून दाखवायचा आणि त्यातलं जे त्याला बरं वाटायचं नाही ते गाळायचा. तुला ते कळायचं. मी गावी आले की तू विचारायचीस, "आता सांग, त्यानं काय नाही वाचलं?" आज मधे वाचणारा कोणी नाही, तर सगळंच लिहिते. मी दादाकडे आले आहे. धान चुरून घरात आलं आहे, धानाच्या बांध्यांमध्ये आता लाखोरीचं पीक हिरवंगार उभं आहे आणि समोरच्या सपरीच्या ओट्यावर ऊन आलं आहे. वयनी शेतावर गेली आहे. घरात मी एकटीच आहे आणि मला काही काम नाही. माय, मला खरंच काही काम नाही. माझी नोकरी गेली.

दिवाळीच्या पंधरा दिवस आधी गेली. तुला मी कधी नीट सांगितलंच नाही की मी करायचे काय. तू शेजारणींना सांगायचीस, "पोरगी विम्याच्या हापिसात कागद पाहते," आणि ते बरोबरच होतं. दवाखान्यांची बिलं आमच्याकडे यायची आणि विम्याचे पैसे द्यायचे की नाही ते ठरवण्याआधी ती तपासावी लागत. या औषधाचा त्या आजाराशी संबंध आहे का, तारखा जुळतात का, सही कोणाची, शिक्का कोणाचा. सतरा वर्षं मी हेच केलं. शेवटची सहा वर्षं माझ्या हाताखाली बारा जण होते. दीड वर्षापूर्वी कंपनीनं नवी प्रणाली आणली, जी कागद स्वतःच वाचते. ती चुकली की आम्ही दुरुस्त करायचं आणि ती त्यातून शिकायची. पहिल्या महिन्यात तिच्या चुकांवर आम्ही हसायचो. सहाव्या महिन्यात हसायला काही उरलं नव्हतं.

तेव्हापासून मला तुझी मिल आठवायला लागली. सांगू नये, पण त्याआधी कित्येक वर्षं आठवली नव्हती.

मी बारा वर्षांची आहे. शाळेला सुट्टी आहे म्हणून तुझ्यासोबत तुमसर रोडवरच्या मिलमध्ये आले आहे. लांब टिनाचं शेड, त्यात तीसेक बाया ओळीनं बसल्या आहेत, प्रत्येकीच्या पुढ्यात तांदळाचा ढीग, मांडीवर सूप. खडा, काळा दाणा, न सोललेलं धान असं एकेक वेचून बाजूला पडतं. कोंड्याची धूळ सगळ्यांच्या भुवयांवर बसली आहे, त्यामुळे तरण्या बायाही म्हाताऱ्या दिसतात. तू सगळ्यांत जुनी, म्हणून दाराजवळची उजेडाची जागा तुझी. दुपारी शिदोऱ्या सुटतात, कोणाचं बेसन कोणाच्या भाकरीवर जातं, माझ्या हातात प्रत्येक जण काही ना काही ठेवते. त्या दिवशी जेवण झाल्यावर शेठनं तुला बोलावलं. मी तुझ्या मागेमागे आले. पलीकडच्या नव्या खोलीत मशीन बसवलं होतं. बायांनी त्याला आधीच नाव दिलं होतं, डोळेवाली. दाण्याचा रंग पाहून ती खराब दाणा हवेच्या फुंकरीनं बाहेर फेकते असं त्या ऐकून होत्या.

शेठ म्हणाला, "बाई, आता एवढ्या बाया नाही लागत. सहा ठेवून राहिलो. तू तर हायेसच. बाकी पाच तू सांग, तुले सगळ्याईचा हात मालूम आहे."

तू म्हणालीस, "पहिले मशीन दाखवा, शेठ."

त्यांनी मशीन चालू केलं. तू खाली पडलेल्या तांदळातून एक ओंजळ उचललीस, खिडकीजवळ गेलीस आणि तळहातावर पसरून पाहिलीस. एक बोट फिरत होतं. मी टाचा उंचावून बघत होते, आणि मला मनापासून वाटत होतं की त्यात खडा निघावा. एक तरी. तू दुसरी ओंजळ घेतलीस, मग तिसरी. मग ते तांदूळ हळूच परत पोत्यात सोडलेस, हात पदराला पुसलेस आणि म्हणालीस, "मस्त निवडते, शेठ. आमच्यापेक्षा बरं."

शेठ हसला. "मग सांग नावं."

"नावं मी नाही सांगत. माह्यं काढा, बाकीचं तुमचं तुमी पाहा."

शेठनं तुला दोनदा समजावलं. तो काही वाईट माणूस नव्हता. तू ऐकून घेतलंस आणि पुन्हा तेच बोललीस, आवाज न चढवता. शेवटी ठेवायची नावं मुनीमानं ठरवली. त्यात तू नव्हतीस.

घरी येईपर्यंत मी तुझ्याशी बोलले नाही. पुढच्या वर्षी मला तुमसरच्या शाळेत घालायचं ठरलं होतं, रोज बसनं. ते आता होणार नाही एवढं मला कळत होतं. तू चूल पेटवायला बसलीस तेव्हा मी दारात उभी राहून ओरडले, "काहून नाही म्हणाली तू? तुले तर ठेवून राहिले होते ना!" तू फुंकणी खाली ठेवलीस. तू मारशील असं मला वाटलं होतं. तू म्हणालीस, "अठरा वर्षं ज्याईच्या संगं शिदोरी खाल्ली, त्याईतली खराब कोणती ते मी सांगू? तांदूळ होय का त्या बाया?" आणि पुन्हा चुलीत फुंकायला लागलीस. धुरानं तुझे डोळे भरले होते की कशानं, मी पाहिलं नाही. मला पाहायचंच नव्हतं.

त्यानंतर तू लोकांच्या बांध्यांत धानाच्या रोवणीला गेलीस, निंदायला गेलीस, मोहफुलं वेचलीस, शाळेत खिचडी शिजवलीस. तुमसरची शाळा मला एक वर्ष उशिरा मिळाली, आणि तीही पायी. मी शिकले, नोकरीला लागले, माझं लग्न झालं, आणि एवढं होऊनही तो राग माझ्यात कुठेतरी शिल्लक होता. तुझ्या आजारपणात तुला नागपूरला आणलं होतं ते आठवतं? गॅसजवळ तू स्टुलावर बसली होतीस, लसूण सोलत होतीस. कुठल्याशा बोलण्यावरून मी म्हणून गेले, "तेव्हा पाच नावं सांगितली असतीस तर काय बिघडलं असतं? तुझ्या भोळेपणापायी आपण सगळ्यांनी हाल काढले." तू सोलत राहिलीस. थोड्या वेळानं म्हणालीस, "हो बाई, चुकलं असन माह्यं." पुढच्या उन्हाळ्यात तू गेलीस. तुझं ते वाक्य मी तसंच राहू दिलं.

आता पुढचं.

मागच्या श्रावणात आमच्या साहेबांनी मला आत बोलावलं. दार लावलं, पाणी दिलं. म्हणाले, बारांतले चार कमी करायचे आहेत, तुमची माणसं तुम्हीच ओळखता, नावं द्या. मी दिली. चारही कामाला हळू होती, हे मी स्वतःला सांगितलं, आणि ते खोटंही नव्हतं. त्यात एक काकू होत्या. सगळं ऑफिस त्यांना काकूच म्हणायचं. नवरा लवकर गेलेला, माझ्यापेक्षा सात-आठ वर्षांनी मोठ्या, दहा वर्षं माझ्या शेजारच्या खुर्चीवर. त्या कागद दोनदा वाचत. दुसऱ्यांदा वाचताना त्यांना हटकून काहीतरी सापडायचं, जे मला सापडलेलं नसायचं. पण दोनदा वाचायला वेळ लागतो.

शेवटच्या दिवशी त्या माझ्याजवळ आल्या. पिशवीतून लोकरीची विणलेली गादी काढली आणि माझ्या खुर्चीवर ठेवली. म्हणाल्या, "तुमची कंबर दुखते ना, आणि एसीनं ही खुर्ची थंडगार असते. तुम्ही होत्या म्हणून मी इतकी वर्षं टिकली." मी त्या गादीवर बसून पुढचे सव्वादोन महिने काम केलं.

मग माझी पाळी आली. मला तर आत बोलावलंही नाही. स्क्रीनवर एक मुलगा आला, तीसच्या आतला, बंगलोरहून बोलत होता. फार नम्र होता. माझ्या सतरा वर्षांबद्दल त्यानं आभार मानले, आकडा मात्र चुकून चौदा म्हणाला. मी दुरुस्त केला, सवयीनं. तो सॉरी म्हणाला. पाच मिनिटांत माझा कॉम्प्युटर तिकडूनच बंद झाला. दारावरच्या चौकीदारानं माझं कार्ड घेताना नजर खाली घातली. सतरा वर्षं मी त्याला रोज नमस्कार करत होते. बाहेर आले तर दुपारचा एक वाजला होता. भर दुपारी तो रस्ता कसा दिसतो ते मी कधी पाहिलंच नव्हतं. रसवंतीवाला होता, शाळेतून परतणाऱ्या मुली होत्या, आणि सगळ्यांना कुठेतरी जायचं होतं. मी बसस्टॉपवर बसले. तीन बसगाड्या गेल्या.

नवरा चांगला वागला. "होईल काही, एवढं काय घेऊन बसलीस," म्हणाला, आणि पोरीसमोर विषय काढला नाही. पण मला सकाळी साडेआठला पायात चप्पल घालायची सवय. साडेआठला मी दारापर्यंत जायचे आणि परत फिरायचे. चार ठिकाणी अर्ज केले. एका ठिकाणी माझ्याहून निम्म्या वयाच्या मुलीनं विचारलं, "तुम्ही आता नवीन काय शिकू शकता?" मी म्हणाले, मला कागद वाचता येतात.

एक दिवस उठले आणि काकूंच्या घरी गेले. त्यांचं नाव मीच दिलं हे सांगायचं ठरवूनच गेले होते. दोन खोल्यांचं घर, पुढच्या खोलीत शिलाई मशीन, नातू खाली खेळत होता. मला पाहून त्यांना इतका आनंद झाला. माझी नोकरी गेल्याचं सांगितलं तेव्हा त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "तुम्हाला पण? अहो, काय ही माणसं! पण मनाला लावून घेऊ नका. ही नावं वरून येत असतात. आपल्या माणसांच्या हातात काय असते?" मी चहाचा कप हातात धरून बसले होते. तोंड उघडलं तर नुसतं "हो" आलं. त्यांनी मला पोहे केले. मी खाल्ले. निघताना त्यांनी कुंकू लावलं.

त्यानंतर शहरात जीव रमेना म्हणून इकडे आले. इथेही आठ दिवस खोटंच बोलले, सुट्टी आहे म्हणाले. काल वयनी तांदूळ पाखडता पाखडता म्हणाली, "ताई, इतके दिवस सुटी कशी भेटली तुमाले?" मी म्हणाले, नोकरी गेली. तिचं सूप थांबलं. "कधी?" दिवाळीआधी. ती थोडी रागावलीच. "मंग सांगाचं नाही का? परके हाओत का आमी? तुमच्या भावाले मीच सांगीन, तुमी नका सांगू. पहिले जेवून घ्या." आणि खरोखर माझ्या पुढ्यात ताट आणून ठेवलं. दादा शेतावरून आला, हातपाय धुतले, माझ्याजवळ बसला. मग म्हणाला, "मायचं असंच झालतं ना." मी मान हलवली. त्याला काय सांगणार, की तुझं तसं झालं होतं आणि माझं तसं नाही.

भंडाऱ्याच्या एका दवाखान्यात विम्याचे कागद भरायला बाई पाहिजे, असं दादाच्या ओळखीच्या माणसानं कळवलं आहे. पगार निम्म्याहून कमी. मी सोमवारी जाणार आहे. आता मी खिडकीच्या अलीकडून बिलं तयार करीन आणि पलीकडे कुठलं तरी मशीन ती तपासेल. चालेल. काम आहे.

गॅसजवळ मी जे म्हणाले ते आज परत घेते. तुझं चुकलं नव्हतं. हे तुला ऐकू जाणार नाही, आणि हा कागद कोणत्याही पेटीत पडणार नाही. दादाला वाचायला दिला तर तो पुढचं गाळेल, म्हणून त्यालाही देणार नाही.

साहेबांनी नावं द्यायला मला दोन दिवस दिले होते, माय. मला अर्धा तासही लागला नाही. आणि काकूंचं नाव मी सगळ्यांत आधी लिहिलं. त्या हळू होत्या म्हणून नाही. त्या भांडणार नाहीत, हे मला माहीत होतं म्हणून.