शिवणवाल्या बाईंचे ठोके

सोमवार, २ जून
लागलो बुवा नोकरीला! अर्धवट डिप्लोमा, दर सहा महिन्यांनी नवं गाव, अशा भटक्याला पेसमेकरच्या कंपनीत कोण घेणार? मावशीच्या नवऱ्याने घेतलं. काका इथले क्लिनिकल स्पेशालिस्ट, म्हणजे पेशंटचे पेसमेकर तपासणारे, मी त्यांचा शिकाऊ. पेशंटच्या छातीवर वायरवाली तबकडी ठेवायची, की मशीनच्या पडद्यावर त्याचे ठोके नाचायला लागतात. मजाच आहे. कँटीनचा चहा मात्र पांचट.

बुधवार, ४ जून
आज खरी तपासणी बघितली. पेसमेकरचा वेग हळूहळू खाली आणायचा, हृदय स्वतःहून किती चालतंय ते बघायचं, आणि लगेच वेग परत चढवायचा. काका म्हणाले, गाढवा, ते ‘लगेच’ तेवढं विसरू नकोस. एक शिवणवाल्या बाई आल्या होत्या. माझी लोंबणारी गुंडी बघून म्हणाल्या, पुढच्या वेळी शर्ट घेऊन ये रे बाळा, घट्ट लावून देते.

शुक्रवार, १३ जून
बाई गेल्या.
आज त्या पुन्हा तपासणीला आल्या होत्या. काकांनी वेग खाली आणला आणि फोन आला. मावशीचा. सोफ्याला रंग कुठला घ्यायचा. काका खिडकीशी हसत बोलत राहिले. मी गुंडीशी चाळा करत होतो. वर बघितलं तर बाई माझ्याकडेच बघत होत्या. ओठ हलत होते, आवाज नव्हता.
काकांनी सांगितलं, हृदयच थकलेलं होतं. मला बजावलं, तोंड उघडलंस तर दोघंही रस्त्यावर. बाईंच्या मुलीने मला विचारलं, आई शेवटी काही बोलली का. मी नाही म्हणालो.

सोमवार, १६ जून
तबकडी रिकाम्या टेबलावर पडलेली. पडद्यावर ठोके, वर बाईंचं नाव. काका म्हणाले, जुनं काहीतरी राहिलं असेल. मशीन बदललं. नव्यातही तेच.

मंगळवार
काकांनी चिडून तबकडी स्वतःच्याच छातीवर दाबली. त्यांना पेसमेकर नाही. तरी पडद्यावर बाईंचं नाव. साठ. पन्नास. मी बटणं बडवत राहिलो — मशीन दाद देईना. खिडकीशी कुणीतरी फोनवर हसलं. बाईमाणूस. तिथे कुणी नव्हतं. काका माझ्याकडे बघत होते, ओठ हलत —

गुरुवार
मावशीने विचारलं, काका शेवटी काही बोलले का.
घरी येऊन शर्ट काढला. गुंडी लावलेली. घट्ट.

शुक्रवार
तबकडी माझ्या छातीवर. मी ठेवली नाही — निघत नाही — सत्तर. बाईंच्या मुलीला फोन लावतोय, सगळं सांगून टाकतो — एंगेज. पन्नास. पुन्हा एंगेज. खिडकीशी ती बोलतेय, सावकाश, रंग कुठला म्हणून विचारतेय — तीस — बाई, लगेच — परत चढ—