दोन खुर्च्यांमधला हात

मी, खाली सही करणारा, धंद्याने खुर्च्यांच्या गाद्या भरणारा, हे मृत्युपत्र स्वखुशीने, कुणाच्याही दडपणाशिवाय आणि पूर्ण शुद्धीत लिहीत आहे. हृदय थकलंय, डोकं शाबूत आहे, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. नाव, वय, पत्ता वकीलबाईंनी पहिल्या पानावर घातला आहे, तो परत लिहीत बसत नाही. तक्रार करण्यासारखं आयुष्य मला मिळालं नाही, हेही इथेच नोंदवून ठेवतो.

कलम १. राहतं घर, म्हणजे दोन खोल्या, स्वयंपाकघर आणि वरचा माळा, पत्नीच्या हयातीत तिचंच राहील. तिच्यामागे मुलगा आणि मुलगी यांनी समसमान घ्यावं. घरावरून भांडू नये. भांडायचंच असेल तर सिनेमावरून भांडावं, आपल्याकडे तीच पद्धत आहे.

कलम २. बँकेत जे काही असेल ते पत्नीचं. काचबिंदूने तिची नजर गेली, पण घर तिला पाठ आहे. तेव्हा माझ्यामागे आवराआवरीच्या उत्साहात कुणी स्टूल किंवा कपाट जागचं हलवलं, तर तो माझा वारस नाही असं समजावं.

कलम ३. हातोड्या, कात्र्या, वाकड्या सुया आणि उरलेला काथ्या मुलीला. तिचा टाका सरळ येतो. मुलगा मनाला लावून घेणार नाही. त्याने माझ्या दुकानात ठोकलेला शेवटचा खिळा स्वतःच्या अंगठ्यात गेला होता. त्याला माझी आरामखुर्ची द्यावी, त्याला बसायला आवडतं.

याच अवजारांवर मी आमच्या गल्लीतल्या थेटरातल्या सगळ्या खुर्च्या भरल्या, आणि त्या खुर्च्यांनी मला सिनेमा शिकवला. सिनेमा कंटाळवाणा असेल तर लोक चुळबुळ करतात आणि गादी मधोमध उसवते. रडका असेल तर खुर्चीचे हात मळतात. आणि खरोखर चांगला असेल तर खुर्चीला काहीच होत नाही. असे सिनेमे धंद्याला वाईट, पण त्यांचे माझ्यावर फार उपकार आहेत.

कलम ४. खालील मतं मी मरणोत्तरही मागे घेत नाही.

जुळ्या भावांचा तो मारामारीचा सिनेमा, ज्यात शेवटच्या झुंजीत मिशी एका भावाची दुसऱ्याला लागते आणि परत येते, तो मला मनापासून आवडतो. लोक हसतात, हसू देत. दोन्ही भावांनी जीव ओतून काम केलं आहे, आणि मिशीनेही.

कोर्टाचा तो सिनेमा, ज्यात नायिका मध्यंतरानंतर रडायला बसते ती ‘समाप्त’ची पाटी पडेपर्यंत उठत नाही, तो निव्वळ अत्याचार आहे. त्याच्यापायी मला मागच्या तीन रांगांची कापडं बदलावी लागली. मुलगी म्हणते, "बाबा, तुम्ही पण रडलात की!" रडलो. म्हणून सिनेमा चांगला ठरत नाही.

आणि तो बक्षीस मिळालेला, समुद्रातल्या दिव्याच्या राखणदाराचा. म्हातारा जिना चढतो, दिवा पुसतो, जिना उतरतो. मी पत्नीच्या कानात म्हणालो, "काही होत नाहीये." ती म्हणाली, "काही होत नाहीये, म्हणजे काय होतंय?" मी म्हणालो, "भिकार आहे." विषय संपला.

कलम ५. तिची नजर गेली तेव्हा मला वाटलं होतं, सिनेमाही गेला. थेटराच्या मालकांनी शेवटच्या रांगेतल्या कोपऱ्यातल्या दोन खुर्च्या आमच्या नावे करून दिल्या. तिथे मी कुजबुजत पडद्यावरचं सांगायचो आणि कुणाला त्रास व्हायचा नाही. तिच्या कानापर्यंत वाकता यावं म्हणून दोन खुर्च्यांमधला हात मीच काढला. तो हात माळ्यावर कापडात गुंडाळून ठेवला आहे. मालकांचा मी ऋणी आहे. पुढच्या रांगेत बसून एकदाही मागे वळून "श्श" न करणाऱ्या तमाम अनोळखी लोकांचाही.

कलम ६. आता वैर. थेटरातला दारवान, ज्याला सगळे बॅटरी म्हणतात, त्याच्याशी मी बोलत नव्हतो. खुनाचा सिनेमा लागला होता. आम्हाला उशीर झाला, त्याने बॅटरी थेट माझ्या डोळ्यांवर मारली, मी दोन शब्द सुनावले. तर हा भरल्या थेटरात म्हणाला, "खून मावशीने केलाय. आता बसा गुपचूप." असं करणाऱ्या माणसाला माफी नसते.

पण माझं हर्नियाचं ऑपरेशन झालं, तेव्हा पत्नी काठी टेकत एकटीच सिनेमाला गेली. बस कंडक्टरबाई उतारवयात पोहायला शिकते, त्या सिनेमाला. बॅटरी तिच्या शेजारी बसला आणि त्याने तो सांगितला. दवाखान्यात येऊन तिने तो मला जसाच्या तसा ऐकवला: तलावाच्या हिरव्या फरशा, बाईची ढगळ टोपी, शेवटी पाण्यावर आलेले पायाचे अंगठे. म्हणाली, "अहो, मला दिसला तो." मला फार लागलं. बरा झाल्यावर मी तो पाहिला. अंगठ्यांपर्यंत सगळं खरं होतं, आणि सिनेमा अप्रतिम होता. वैताग आला.

कलम ७. माझ्यामागे तिला सिनेमा कोण सांगणार, हीच एक काळजी आहे. बाकी हे सगळं वकीलबाईंचं पोट भरावं म्हणून. मुलाला बसवून पाहिलं. तो म्हणतो, "मारामारी चालू आहे." मग बराच वेळ काही नाही. मग, "अजून चालू आहे." मुलगी फार मायेने सांगते, पण पुढचं आधी सांगते: "बघ हं आई, हा आता मरणार."

म्हणून हे काम बॅटरीच्या नावे लिहिलं. तर वकीलबाई म्हणाल्या, मृत्युपत्राने माणसाला कामाला जुंपता येत नाही, आधी त्याला विचारा. झक मारत गेलो. तो दारात तिकिटं फाडत उभा होता.

"काय खुर्चीवाले, वाट चुकलात?"

"काम आहे."

"गादी बसलीये का कुठली?"

"मी जाणार आहे लवकर. हिला सिनेमा सांगशील?"

त्याच्या हातातलं तिकीट अर्धंच फाटलं. मग म्हणाला, "सांगेन. पण तुमच्यासारखी मतं नाही देणार बुवा. दिसेल ते सांगेन."

"म्हणून तर तुझ्याकडे आलोय."

त्याने मला बॅटरी दाखवत जागेवर नेऊन बसवलं. या वेळी उजेड पायापाशी होता. त्याचे आभार मी तोंडाने मानलेले नाहीत, ते इथे मानतो.

कलम ८. मात्र एक अट. माझ्यामागे त्या दोन खुर्च्यांमधला हात माळ्यावरून काढून परत बसवावा. चार स्क्रू आहेत, मुलगी बसवेल.

इथवरचा मजकूर वकीलबाईंनी पत्नीला वाचून दाखवला. आठवं कलम तिने परत वाचायला लावलं. मग म्हणाली, "अहो, मधे हात आला तर तो माझ्या कानापर्यंत पोचणार कसा? तिथून ओरडला तर लोक मारतील त्याला." कलम ८ रद्द. हात माळ्यावरच राहील.

मग म्हणाली, "तो दिसेल ते सांगेल, ते झालं. पण सिनेमा भिकार आहे हे मला कोण सांगणार?"

कलम ९. सबब माझी सर्व मतं, आजवरची आणि यापुढे निघणाऱ्या सर्व सिनेमांवरची, मी पत्नीला देत आहे. सिनेमा सुटल्यावर बॅटरीने तिला विचारावं, "खुर्चीवाले काय म्हणाले असते?" ती जे सांगेल ते माझंच मत समजावं आणि कुणी वाद घालू नये.

हे कलम लिहून झाल्यावर, तिला जमतंय का पाहावं म्हणून मी विचारलं, "तो दिव्याच्या राखणदाराचा सिनेमा. काय मत होतं माझं?"

"भिकार म्हणालात," ती म्हणाली. "आणि काही होत नाहीये म्हणजे काय होतंय ते सांगायला दुसऱ्या दिवशी मला परत घेऊन गेलात."

हे बरोबर आहे. खाली सही करतो.

ठिकाण: राहतं घर, पुढची खोली
तारीख: शुक्रवार, संध्याकाळच्या खेळाआधी
सही: खुर्चीवाला

साक्षीदार:
१. डॉक्टर (सिनेमा पाहत नाहीत, त्यांनाही माफ केलं आहे)
२. समोरचा चष्मेवाला

बॅटरीची सही घेतलेली नाही. ज्याला काही मिळतं त्याने साक्षीदार होऊ नये, असं वकीलबाई म्हणतात.