मधल्या पट्ट्यातलं नाव

७ मार्च २०२२, डेट्रॉइट
आलो एकदाचा! टोलेडोहून निघताना बर्फ भुरभुरत होतं, इथे पोचलो तर लख्ख ऊन. बावीस वर्षं मोटारींचे पत्रे ठोकण्यात गेली. ध्वनिमुद्रणाच्या शाळेची पायरी मी चढलेलो नाही. रेकॉर्ड कोरायचं भंगारातलं यंत्र तळघरात आणून खोललं, जोडलं, पुन्हा खोललं आणि शिकलो. आज रेकॉर्डच्या कारखान्यात माझी स्वतंत्र खोली आहे. मालकीण ऑगस्टा रॅगलँड दारातच म्हणाली, क्लेटन पेटवे, तुझ्या कानांची एवढी ख्याती ऐकली, दिसायला तर चारचौघांसारखेच आहेत की! रताळ्याचं गोड सारण भरून भाजलेला ‘पाय’ खाऊ घातला. दालचिनी चिमूटभर जास्त होती, तसं सांगितलं. ती म्हणाली, बाबा रे, तू माझं डोकं खाणार.

संध्याकाळी अटलांटाहून लेकीचा, जोनेलचा फोन. बाळंतपण तीन आठवड्यांवर आलंय. बाळ पहिल्यांदा रडेल तेव्हा फोन तिथेच धरायचा, हे तिच्याकडून कबूल करून घेतलं. तिच्या जन्माच्या वेळी मी कारखान्यात पाळीवर होतो. पोरीचं पहिलं रडणं हुकलं. नातवंडाचं हुकू देणार नाही.

९ मार्च
पहिलंच काम ‘मंडे शिफ्ट’ नव्याने कोरायचं! १९७४ची जॅझ-फंक रेकॉर्ड, आमच्या काळ्या लोकांच्या घराघरात वाजलेली. जुनी प्रत आता शोधूनही मिळत नाही. त्यातला बास गिटार असा चालतो, जसा पगाराच्या दिवशी माणूस घरी चालतो. वाजवणाऱ्या पाचांपैकी एकट्या मिस लुरीन टॉलिव्हर उरल्यात, ऑर्गन त्यांचा. एकोणऐंशी वर्षांच्या. मूळ टेप स्वतः मांडीवर घेऊन आल्या.

आम्हा रेकॉर्ड कोरणाऱ्यांत रीत अशी, की गाणी संपल्यावर लेबलाभोवती जो गुळगुळीत पट्टा उरतो, त्यात कोरणाऱ्याने आपलं नाव घालायचं. मिस लुरीन म्हणाल्या, पोरा, सगळं कर, पण तेवढं नाव घालू नकोस. पहिल्यांदा ही रेकॉर्ड व्हर्डेल स्टोक्सने कोरली, नाव घातलं आणि महिन्याभरात त्याला स्वतःच्या दारावरची थाप ऐकू येईना. मी म्हटलं, मॅडम, कोरणाऱ्यांचे कान जातातच. त्या म्हणाल्या, अरे, कान नव्हते गेले त्याचे.

१० मार्च
मूळ तबकडीच्या दोन्ही बाजू कोरल्या. सूक्ष्मदर्शकाखाली प्रत्येक चर तपासला. केसभर चूक नाही. एवढं काम करून निनावी सोडायचं? पत्रे ठोकले तेव्हा एकाही गाडीवर माझं नाव नव्हतं. सुई घेतली आणि घातलं: सी. पेटवे.

२१ मार्च
नमुन्याची रेकॉर्ड आली. वाजवली. अप्रतिम! फक्त दुसऱ्या बाजूला शेवटचा सूर विरल्यावर, मोकळ्या पट्ट्यात, बारीक घरघर आहे. दर चौथ्या फेऱ्याला टक्. हा माझ्या खोलीतला पंखा. पण मी कोरलं ते थेट टेपवरून, खोलीत माइक नव्हताच. वर पाहिलं. पंखा जोरात फिरतोय. आवाज मात्र नाही.

२२ मार्च
पुन्हा लावली. तीच रेकॉर्ड, तेच चर. घरघरीमागे आता माझी किटली आहे, जिन्यावरचे माझे बूट आहेत. घरी किटली उकळून आटली. मी शेजारीच उभा होतो.

कानांच्या डॉक्टरीणबाईंकडे गेलो. यंत्रातली एकूण एक शिटी ऐकू आली. म्हणाल्या, पन्नाशीत इतके चांगले कान पाहिले नाहीत. क्षणभर, खोटं कशाला लिहू, अभिमान वाटला.

२४ मार्च
छपाई थांबव म्हणून ऑगस्टाला विनवलं. तिला वाटलं, ढोसून आलोय. तीनशे प्रती निघाल्याही होत्या. मी छपाईच्या साच्यावर उमटलेलं नाव खरवडून काढलं, स्वतःच्या हाताने, पार सपाट होईपर्यंत. पुढची प्रत निघाली. सी. पेटवे. जसंच्या तसं.

मग रेकॉर्ड लावायचीच नाही असं ठरवलं. तरी संध्याकाळी दाढी करताना वस्तरा मुका झाला.

२६ मार्च
मिस लुरीनकडे गेलो. ओठ हलत होते. माझ्या नावाने हाक मारली असावी — नुसते ओठ. त्यांनी लिफाफ्याच्या पाठीवर लिहिलं: व्हर्डेलनेही खरवडलं होतं. खाली लिहिलं: पोरा, मी सांगितलं होतं ना.
त्या रडत होत्या. तेही दिसलं फक्त.

२७ मार्च, रविवार
जोनेलचा फोन. हातात थरथरला. उचलला —
काही नाही. मी बोलत राहिलो, ती ऐकत असेल म्हणून.
मग रेकॉर्ड लावली. लावायला नको होती. बुटांनंतर, वस्तऱ्यानंतर जोनेल — डॅडी, ऐकताय ना? डॅडी? हॅलो?

२९ मार्च, सकाळ
मुलगी झाली. जोनेलने शब्द पाळला, फोन धरला. पडद्यावर इवलंसं लाल तोंड, उघडलेलं, टाळूपर्यंत दिसतंय. मूठ आवळलेली.
आवाज पूर्ण वाढवला. फोन कानात खुपसला.
खाली जोनेलचा निरोप आला: डॅडी, ऐकलंत? काय घसा आहे!
लिहिलं — ऐकलं.

२९ मार्च, दुपार
दुसरं काय करू. तिचं रडणं कुठे आहे ते मला ठाऊक आहे.
सुई टेकवली. ऑर्गन. शेवटचा सूर. पंखा. किटली. जोनेल — आणि मग —
रडतेय. किती खणखणीत. पोरी, ऐकतोय मी, ऐकतोय —
संपलं. सुई नावाजवळ आली. अजून काहीतरी आहे. खरखर. कागदावरची.
माझं पेन. माझीच लय, आडवी रेघ ओढताना थांबतो तशीच —
आणि इथे कागदावर पेन मुकं चालतंय —
रेकॉर्डवर ते आत्ता थांबलं.
मी तर अजून लिहि