बोटवालीचं भात

॥ श्री भैरवनाथ प्रसन्न ॥

उत्रोली,
१९ नोव्हेंबर २०२१

ती. सगुणाआक्का यांस,

धाकट्या जावेचा नमस्कार. मोठ्या भावजींनाही सांगा. आम्ही इकडे खुशाल आहोत. तुम्ही खुशाल आहात का, हे विचारत नाही, कारण तुमचा मिक्सर, भावजींचा खोकला आणि देवापुढचं तुमचं पुटपुटणं मधल्या भिंतीतून मला रोज ऐकू येतं.

पत्र बघून हसू नका. नाथाच्या देवळात मी शपथ घेतली ती तुमच्याशी बोलायचं नाही आणि तुमचा उंबरा चढायचा नाही, एवढीच. लिहायचं नाही असं मी म्हटलं नव्हतं. गुरव साक्षीला आहेत. धोंडाबाईच्या हाती पाठवते आहे. चष्मा लावून स्वतः वाचा, तिला वाचायला देऊ नका, नाहीतर संध्याकाळपर्यंत भोरच्या बाजारात पोहोचेल.

पहिली बातमी ही, की बोटवाली बोटीत बसून आली. हे नाव मला कुणी ठेवलं ते तुम्हालाही माहीत आहे आणि गावालाही. आता मी ते मानाने लावणार आहे.

काय काय झालं ते तुम्ही भिंतीपलीकडून ऐकलंच असेल, पण माझ्या तोंडून नाही, म्हणून सांगते. आमच्या वैष्णवीला पुण्यात नोकरी लागली तशी तिने आम्हा दोघा आईबापांसाठी मुंबई-गोवा बोटीची सहल ठरवली, वीस सालच्या एप्रिलची. तेवढ्यात टीव्हीवर ती परदेशातली बोट दिसायला लागली, माणसं आत अडकलेली, कुणी उतरू देईना. तुम्ही नळावर म्हणालात, नूतनची बोट गावात रोग आणणार. बोट कुठली नि काय, एप्रिल उजाडायच्या आत एसटीसुद्धा बंद पडली. कंपनीने पुढची तारीख दिली तर दुसरी लाट आली. मग यंदाच्या ऑक्टोबरची दिली. तेव्हा आम्ही नवी बॅग घेऊन मुंबईच्या धक्क्यापर्यंत पोहोचलो. माझा रिपोर्ट आला, तुमच्या दिरांचा आलाच नाही. फाटकावरच्या माणसाने हात जोडले आणि बोट आमच्या डोळ्यांदेखत भोंगा वाजवून गेली. यांचा रिपोर्ट आला तो परतताना कापूरहोळच्या फाट्यावर, आणि तोही निगेटिव्ह. गावात उतरलो तेव्हा तुम्ही पारापाशी उभ्या होतात. तोंडाला पदर लावलात. रोगापायी नव्हे, हसू लपवायला. मला दिसलं.

कंपनीने मग शेवटची तारीख दिली. ही चुकली तर सहल बुडाली, पुन्हा तारीख नाही. आणि ती आली ऐन कापणीत. इंद्रायणीचं भात पिकून वाकलेलं, वर आभाळ भरलेलं, आणि एकमेकींच्या वावरात फिरून कापायची सावड माझ्याकडे नाही. मजुरी देऊन बाई मिळावी तर दिवाळी सरल्यावर गावातली प्रत्येक बाई कुणाच्या ना कुणाच्या वावरात वाकलेली. यांचं म्हणणं एकच, "भात पाण्यात ग्येलं तर वरीसभर काय बोट शिजवून खायाची?" बोलणं काही खोटं नव्हतं. मीही जायचं नाही असंच ठरवलं होतं.

वैष्णवी दिवाळीला आली होती. तिने बॅगेची चेन उघडली, आत बघितलं, पुन्हा लावली. मला तिचं त्या मे महिन्यातलं, शाळेत ठेवलेली असतानाचं तोंड आठवलं. मी यांना म्हटलं, भाताचं जे व्हायचं ते होवो, आपण जायचं.

आता बोटीचं ऐका. अहो आक्का, ती बोट म्हणजे आपलं अख्खं उत्रोली एकावर एक रचून पाण्यावर ठेवलेलं. आत जिना, जिन्यावर गालिचा, आणि लिफ्टसुद्धा. दारात एकजण कपाळाला ते यंत्र लावतो, दुसरा हातावर पाणी टाकतो, तिसरा लशीचे दाखले बघतो. तीर्थ-प्रसाद घेतल्यासारखं सगळ्यांपुढे हात पसरत आत गेलो. माझ्या पिशवीत नारळ नि खण होता, दर्याची ओटी भरायला. नारळ ठेवून घेतला त्यांनी. खण सोडला. मी विचारलं, नारळाने काय होतं, तर म्हणे वरून खाली टाकायचं काही नाही. तुमचे दीर आधी खोलीबाहेर येईनात, मग जेवण बघून आत जाईनात. सकाळी इडली, डोसा, पोहे, पाव, सगळं एकाच वेळी, हवं तेवढं. माणसांनी मास्क खाली करून घास घ्यायचा आणि पुन्हा वर करायचा. यांचा मास्क आमटीत बुडाला. गोव्याला कुणाला उतरू दिलं नाही, तिथले नियम तेवढ्यात बदलले होते. लोक चिडले. मी नाही चिडले. मला गोवा नको होता, मला बोट हवी होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी एकटी वरच्या मजल्यावर गेले. भाटघर धरणाचं पाणी कितीही भरलं तरी पलीकडचा डोंगर दिसतो. इथे पलीकडच नव्हतं. चारी बाजूंनी पाणी आणि मधे मी. भोंगवलीच्या कुंडलिक मास्तरांची पोर, सातवीत नापास झालेली, लग्नात चूल फुंकता येईना म्हणून तुम्हीच जिला मागे सारून भाकरी थापलीत ती. मी कठड्याला धरून मोठ्याने हसले. कुणी बघत नव्हतं. मग तसंच रडू आलं. फोनला रेंज आल्यावर वैष्णवीचा निरोप आला होता, काल रात्री भोरकडे पाऊस झाला. मी मनात म्हटलं, गेलं भात. आणि दुसरं म्हटलं ते लिहिते. म्हटलं, सगुणाआक्का आता बांधावर उभ्या राहून म्हणत असतील, बरं झालं. मला भात गेल्यापेक्षा त्याचंच जास्त लागलं.

लिहिणार नव्हते, पण आता हात थांबत नाही. वीस सालच्या त्या मे महिन्यात वैष्णवी पुण्याहून गाडीवर आली, तेव्हा वेशीत बांबू आडवे होते आणि बांबूच्या पुढे तुम्ही होतात. तुम्ही म्हणालात, "पोरीला शाळंत ठिवा. घरला न्हाई." माझी लेक दोन आठवडे बाकं जोडून त्या शाळेत एकटी झोपली, घर हाकेच्या अंतरावर असून. भावजींच्या दम्यापायी तुमचा जीव मुठीत होता, हे मला तेव्हाही कळत होतं. पण लेक माझी होती, आक्का. दुसऱ्या कुणी म्हटलं असतं तर मी विसरले असते. तुम्ही तिला न्हाऊ घातलेलं होतं. म्हणून मी देवळात गेले, आणि म्हणून तुमच्या सावडीतून विळा काढून घेतला.

असो. परवा दुपारी परत आलो. यांनी बॅगा ओट्यावर टाकल्या आणि आम्ही तसेच वावरात गेलो. वावर रिकामं होतं. एक लोंबी उभी नव्हती. मला वाटलं, जनावरं पडली. मग खळ्याकडे बघितलं, तर पेंढ्यांची उडवी रचलेली, वर प्लास्टिकचा निळा कागद, कागदाला दोर आवळलेला, दोराला दगड. पाऊस त्याच्यावरून गेला होता. आत हात घातला तर पेंढ्या कोरड्या.

मी धोंडाबाईला गाठलं. ती म्हणाली, समद्यांनी मिळून केलं, कुणा एकीचं न्हाई. मी विचारलं, सांगितलं कुणी? तर तिला एकदम म्हशीची धार आठवली.

मग मी एक पेंढी ओढून काढली. तुमच्या उजव्या हाताचं बोट विळ्याने गेलं तेव्हापासून तुम्ही पेंढीचा बंध डावीकडून फिरवता आणि टोक आत खोचता. सासूबाई हसायच्या, की थोरलीचा बंध उलटा, पण सुटायचा नाही. दुसरी काढली, तिसरी काढली. कापणाऱ्या बऱ्याचजणी असतील. बांधणारी एकच होती.

आणि बांधाच्या पलीकडे तुमचं भात उभं होतं. निम्मं पावसाने आडवं झालेलं. तुम्ही आधी माझं कापलंत, आक्का.

त्या रात्री मी जेवले नाही, हे यांनी तुम्हाला सांगितलं असेल तर खरं आहे. सकाळी उठून मात्र दोन भाकऱ्या जास्त खाल्ल्या, कारण मला एक गोष्ट आठवली. सावडीचा कायदा मला तुम्हीच शिकवला आहे. तू माझ्या वावरात विळा चालव, मी तुझ्या. मजुरी मधे आणायची नाही, आणि फेड केल्याशिवाय पीक घरात घ्यायचं नाही. माझी उडवी अजून खळ्यावर आहे. तुम्ही मला सावडीत ओढून घेतलंत, न विचारता, मी बोटीत असताना. आता तुम्हाला मला नाही म्हणता येणार नाही. बोटही मला मिळाली, भातही मिळालं आणि तुम्हीही. यंदा सगळीकडून मीच जिंकले.

उद्या दिवस उगवायला मी आणि तुमचे दीर विळे घेऊन तुमच्या वावरात येतो. वैष्णवीही पहाटेच्या गाडीने येते आहे. तिला मी विचारलं, येशील का मोठ्या आईच्या वावरात? ती म्हणाली, "माझा विळा कुठं ठिवलाय?" तिच्यासाठी चहात साखर जरा जास्त टाका. दर्याच्या ओटीतला खण उरला आहे, तो तुमच्यासाठी आणते.

तुमचा उंबरा चढत नाही. वावर म्हणजे उंबरा नव्हे, गुरवांना विचारून घेतलं आहे. बोलणारही नाही. पण एकीने कापायचं आणि एकीने बांधायचं, तर "बंध दे" म्हणावंच लागतं, त्यावाचून पेंढी होत नाही. बांधणाऱ्या तुम्ही आहात. मला घाई नाही, मला आता वाट बघायची सवय आहे. तुम्ही एकदा "बंध दे" म्हणालात, की नाथाला मी सांगेन, आधी त्या बोलल्या, मी नुसती ओ दिली.

तुमच्या सावडीतली,
नूतन