पाचजणींचं विमान, व्हाउचर माझ्या नावावर

१२ नोव्हेंबर, बुधवार
सकाळी मेसेज. शुक्रवारचं गयेचं विमान रद्द. 'ऑपरेशनल कारण.' म्हणजे काय, ते लिहिलेलं नाही. आई मोरीत पांढऱ्या साडीला नीळ देत होती. सांगायला जीभ उचलेना.
मेसेजखाली दोन बटणं. 'परतावा' आणि 'पर्यायी प्रवास'. आईसकट विहारातल्या पाचजणी अख्खा वर्षावास, पावसाळाभर, बुद्धगया, बुद्धगया करतायत. पैसे परत घेऊन काय करणार? पर्यायी प्रवास दाबलं. शनिवारचं विमान देतील.

१३ नोव्हेंबर
विमान नाही. व्हाउचर आलं, माझ्या नावावर. मी जाणारसुद्धा नव्हतो! पाचजणींना एका रांगेत बसायचं होतं म्हणून एकच बुकिंग. एकीकडेही स्मार्टफोन नाही म्हणून नंबर माझा, पैसे गोळा करून कार्डही माझंच. आता व्हाउचरवर फक्त मीच प्रवास करायचा म्हणे.
मरोळला कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत विमान कंपनीला फोन लावला.
"सर, पर्याय तुम्हीच निवडलात ना."
"मॅडम, विमान तुम्ही रद्द केलंत."
"आणखी काही मदत हवी आहे का, सर?"
आणखी! पहिली कधी केली?
समीर, शेजारच्या मशीनवरचा: "झकास रे! पाच वेळा एकटा फिरून ये. खिडकीची सीट घे."
डबा तसाच परत आणला.

१६ नोव्हेंबर, रविवार
चारकोपला विहारात सगळ्यांना सांगितलं. शांतामावशी सगळ्यांत मोठ्या. धुणीभांडी करून पैसे साठवले त्यांनी. मागून एक आवाज: "पोराने परस्पर काही केलं नसेल ना?" कोणाचा ते कळलं. लिहीत नाही. आई खाली बघत होती.
नववीत शाळा सुटली तरी विहाराचा फळा दर रविवारी मीच लिहितो, अक्षर चांगलं म्हणून. आज खडू कोणी हातात दिला नाही.

१९ नोव्हेंबर
मेलला उत्तर आलं. 'आपल्या गैरसोयीबद्दल खेद.' खाली समुद्रावर हसणारं एक कुटुंब, 'चला, पुन्हा फिरायला निघू या!' किळस आली. दात घासले तरी तोंडाची चव जाईना.
नियम शोधून वाचला. परतावा की व्हाउचर, हे प्रवाशाने ठरवायचं, कंपनीने नाही. फोनवर तेच सांगितलं.
"बरोबर, सर. आणि तुम्ही ठरवलंत."
किती गोड आवाज. शी.

२० नोव्हेंबर
मशीनवर उभा असताना सुचलं. मी प्रवासी कुठे आहे? प्रवासी पाचजणी. त्यांना कोणी विचारलं?
फोनवर हे बोललो तर गाणं लावलं, मग फोन कट.
सुटल्यावर थेट शां. मावशींकडे. शेंगा सोलत होत्या. पूर्ण ऐकून घेतलं.
"मग आम्हाला घेऊन चल. आम्हाला काय हवं ते त्यांना तोंडावर विचारू दे."

२२ नोव्हेंबर, शनिवार
उद्या जायचं. कंपनीची तिकीट-खिडकी एअरपोर्टच्या बाहेरच्या बाजूला आहे, ओळखीच्या रिक्षावाल्याला विचारून खात्री केली. पाचही आधार कार्डं घेतली. झेरॉक्स दोन-दोन.
शां. मावशी सगळ्यांना सांगून गेल्या: "पांढऱ्या साड्या नेसा. डबे घ्या गं. पैसे मिळेपर्यंत उठायचं नाही."
मी: "मावशी, सिक्युरिटीवाले उठवतील."
"उठवू देत. विमानात नाही तर तिथे बसू. एका रांगेत."
जाताना म्हणाल्या, तू बोलायचं. आम्हाला त्यांचं हिंदी जमत नाही.
आई साडीला इस्त्री करतेय. खिडकी रविवारी उघडी असते का, ते मात्र फोनवर कोणी सांगितलेलं नाही.